मॅडम टाचणी

तळघरातल्या क्लबात तो बाई होऊन उभा राहिला की लोक त्याला मॅडम टाचणी म्हणत. घरी तो नुसता धाकटा होता. आई लवकर गेली, ताईनं त्याला वाढवलं. ताई शिवणकाम करायची, त्यामुळे तो चिंध्यांच्या ढिगात, मशीनच्या खडखडाटात आणि इस्त्रीच्या वाफेत लहानाचा मोठा झाला. पुढे त्याचं जे काही नाव झालं ते त्याच एका खोलीतून उचललेलं होतं. उचललेलं, असंच तो मनाशी म्हणायचा. दुसरा शब्द त्याला माहीत होता, पण तो जिभेवर येऊ द्यायचा नाही.

सुरुवातीला त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. गाऊन घालायचा, पापण्या चिकटवायचा, रेकॉर्डवर ओठ हलवायचा आणि लोक पाठ फिरवून आपापल्या गप्पा हाणायचे. दिसायला बरे असलेले पैशाला पासरी मिळतात, असं मालकानं तोंडावर ऐकवलं होतं. मग एकदा तो ताईकडून फिटिंग करून धावतपळत आला आणि गळ्यातला टेप काढायचा राहूनच गेला. पुढच्या टेबलावरचा एक जाडा गृहस्थ फिदीफिदी हसला. धाकट्यानं त्याला वर स्टेजवर बोलावलं, कमरेला टेप गुंडाळला आणि अगदी ताईच्या सुरात म्हणाला, श्वास सोडा साहेब, पोट काही मी कापून घेत नाही. सगळं तळघर त्याच्याकडे वळलं.

पुढच्या खेपेला त्यानं टाचण्याही आणल्या. ताई काम करताना टाचण्या ओठांत धरायची आणि तोंडाच्या उरलेल्या कोपऱ्यातून बोलायची. शब्द चेपून बाहेर यायचे. एक खांदा वर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हं'. हे सगळं त्यानं जसंच्या तसं घेतलं. गिऱ्हाइकाला वर बोलवायचं, छाती-कंबर मोजायची आणि त्या मापावरून त्याच्या संसाराची लक्तरं काढायची. लोक हसून लोळायचे. सूत्रसंचालन त्याच्याकडे आलं, दारावर त्याचा फोटो लागला.

शेवटचा तुकडा सगळ्यात गाजलेला. दिवे मंद व्हायचे आणि मॅडम सांगायच्या, "एकदा मी माझंच माप घेतलं, हं. मोतिया सॅटिन. बाह्यांना लेस. नुसती बटणं लावायची राहिली होती. आणि गिऱ्हाईक आलंच नाही." मग जरा थांबून, कुणा म्हाताऱ्याकडे बघत, "तुम्ही मोकळे आहात का?" छप्पर उडायचं.

ते सॅटिन खरं होतं. ताईचं लग्न ठरलेलं, पोशाख तिनं स्वतः शिवलेला, आणि तो माणूस दुसऱ्या गावी जाऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. पुढे धाकट्याला पहिला गाऊन हवा होता तेव्हा ताईनं तो पोशाख उसवला आणि त्यातूनच त्याचा गाऊन बेतला. कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं, म्हणाली. तेव्हाही तिच्या ओठांत टाचण्या होत्या. चेहऱ्यावर काय होतं ते कळलं नाही. त्यानंही निरखून बघितलं नाही.

तिनं कार्यक्रमाला येऊ नये म्हणून तो काय काय सांगायचा. जिना अरुंद आहे. धूर असतो. पिऊन लोक काहीबाही बोलतात. ती कधी हट्ट धरायची नाही. पण तिचे डोळे उतरणीला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते जपा, वाढायचं काही नाही. त्याच सुमारास हिरवा गाऊन पुरा झाला आणि तो घडी करून देताना ती म्हणाली, "एवढे शिवले तुला. एकदा उजेडात चालताना तरी बघू दे. मग दिसेल, न दिसेल."

त्यानं तिला रविवारच्या दुपारच्या खेळाला बोलावलं आणि मालकाला सांगून टाकलं की आज टाचण्या नाहीत, माप नाही, नुसती गाणी. मालक म्हणाला, मग लोकांनी काय करायचं, झोपायचं?

ताई पुढच्याच टेबलाशी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. तो गायला. त्याचा गळा तसा बेताचाच. लोक चुळबुळ करू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, माप घ्या की. त्यानं हसून वेळ मारून नेली. मग वरच्या सुराला हात उंचावला आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण टरकन उसवली. आतला पिवळा फोम बाहेर डोकावला.

ताईच्या हातची शिवण उभ्या जन्मात कधी सुटली नव्हती. त्यानं खाली बघितलं. ती अर्धी उठली होती, तोंडावर हात. तिला काय वाटत असेल ते त्याला लख्ख कळलं. त्याच क्षणी पडद्याआड जायला हवं होतं. पण तिची लाज झाकावी, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. गाऊनच्या गळ्यात आतून टाचण्या खोचलेल्या असायच्याच. त्यानं त्या काढल्या, ओठांत धरल्या, शिवण टाचू लागला. आणि ओठांत टाचण्या आल्या की तो आवाज आपसूक यायचा.

"काही नाही, काही नाही. कापड नवीन आहे, बाई जुनी आहे, हं."

तळघर जिवंत झालं. तोही झाला. पुढे स्वतःला त्यानं सगळं माफ केलं असतं, पण हे नाही, की त्यानंतर ती समोर बसली आहे हे तो साफ विसरला. खांदा वर गेला, चष्मा खाली आला, एका टकल्याचं माप निघालं, आणि ओघात मोतिया सॅटिनही आलं. गिऱ्हाईक आलंच नाही. दिवे लागले तेव्हा त्याला आठवण झाली. ताई सगळ्यांसारखीच हसत होती. डोळे पुसत होती.

क्लबातल्या पियानोवाल्याचा हात धरून ती मेकअपच्या खोलीत आली. उसवलेल्या शिवणीवरून बोटं फिरवली. टाका बारीक घ्यायला हवा होता, म्हणाली. गाऊनचा खालचा घोळ मात्र छान पडतो, म्हणाली. त्यानं भीतभीत विचारलं, कसं वाटलं?

"लोक किती हसतात रे तुला."

त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. कळलं नाही तिला. आपली लकब आपल्याला बाहेरून कुठं दिसते? घरी जाऊन तो गाढ झोपला. पुढे ही झोपही त्याला खुपत राहिली.

काही दिवसांनी गाऊन दुरुस्तीला घेऊन तो तिच्याकडे गेला. तिच्या मनगटाला इलॅस्टिकनं एक छोटी उशी बांधलेली होती आणि सगळ्या टाचण्या त्या उशीत खोचलेल्या होत्या. ओठ मोकळे.

"हे कधीपासून?"

"सोपं पडतं."

शब्द कुठंही चेपलेला नव्हता. काम करताना तिचा असा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. रुंद, खालचा, थोडा आईसारखा. त्यात 'हं' नव्हतं, पकडावं असं काहीच नव्हतं.

"ताई, त्या दिवशी मी..."

"हात वर."

त्यानं हात वर केले. टेपवरचे आकडे तिला आता नीट दिसत नव्हते, ती नखानं चाचपून माप घेत होती. मागून, त्याच्या कानाशी, ती सावकाश म्हणाली, "कापड मी तुला दिलं होतं. बाकीचं नव्हतं दिलं."

ती मनगटावरून एकेक टाचणी शोधून काढत होती आणि शिवणीला लावत होती. एक कापडातून आरपार गेली आणि त्याच्या बरगडीत रुतली.

"लागली का?"

"नाही," तो म्हणाला, आणि हात तसेच वर धरून उभा राहिला.