स्टाफरूममधले वाजवी निर्बंध

संविधान शिकवणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. पाहुण्यांसारखे तेच येतात आणि मुक्काम ठोकतात. मी संभाजीनगरच्या एका लॉ कॉलेजात शिकवतो. स्टाफरूममध्ये समोर शेख मॅडम बसतात, भिंतीपलीकडे प्राचार्य जाधव सर. बोलण्याचं आणि धर्माचं स्वातंत्र्य मी आणि मॅडम मिळून शिकवतो. म्हणजे निदान शिकवायला जातो.

*

एकदा बोलण्याच्या ओघात मी वर्गात सांगून टाकलं की मी देव मानत नाही. दुसऱ्या दिवशी एका पालकाचा फोन आला. पूजेशिवाय चहाही न घेणाऱ्या जाधव सरांनी मला बोलावलं.

मी तयारीनं गेलो. "सर, धर्मस्वातंत्र्यात न मानणंही येतं."

"येतं की. कोण नाही म्हणतंय?" सर म्हणाले. "फक्त परीक्षेच्या महिन्यात सांगू नका. पोरांना सध्या तेवढाच आधार आहे."

*

मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात, कोण कुणाचा वकील, हे शेख मॅडम चिठ्ठ्या टाकून ठरवतात. यंदा खटला भोंग्याचा होता. पैठणच्या कीर्तनकारांचा बाळू मशिदीचा वकील झाला आणि खुलताबादची सना मंदिराची. दोघांचे चेहरे पडले.

"मॅडम, बदलून द्या ना," सना म्हणाली.

"अगं, पक्षकार आपलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

मग सनानं बाळूच्या वडिलांना फोन करून काकड्यापासून हरिपाठापर्यंत सगळं समजून घेतलं. बाळू सनाच्या अब्बांकडे चौकशीला गेला आणि बिर्याणी खाऊन आला. केस सनानं जिंकली.

संध्याकाळी तिला बाळूच्या वडिलांचा फोन. "बाई, आमच्या देवळाच्या जागेचा खरा दावा चालू हाय. लवकर वकील व्हय. बाळ्याला नाय देणार मी."

*

याच बाळूची तोंडी परीक्षा. मॅडम एकेक प्रश्न विचारतायत आणि हा गप्प. शेवटी म्हणाला, "मॅडम, गप्प राहायचा बी हक्क असतो. तुम्हीच शिकवलंय."

"एकदम बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. "मार्क देताना मी पण तोच हक्क वापरते."

बाळू बोलायला लागला तो घंटा झाली तरी थांबेना.

*

रंजना वेरूळकडची. वडील मेंढरं राखतात, घरात कॉलेजात आलेली ही पहिलीच. तिनं भित्तिपत्रकात लेख लावला: जाधव सर मुलांना मेंढपाळासारखे हाकतात. पोरं लई हसली. सर नाही हसले. "उद्या सकाळपर्यंत जाहीर माफी लाव, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही," असं त्यांनी तिला सुनावलं.

मी आणि मॅडम भांडायला तयार होतो. रंजनाच म्हणाली, "राहू द्या सर. मागते माफी." आम्हाला फार वाईट वाटलं. मॅडम तर डबा न खाताच घरी गेल्या.

सकाळी बोर्डापुढं ही गर्दी. जाधव सर आले तशी पोरं बाजूला झाली. कागदावर लिहिलं होतं:

"माझ्या लेखात मी प्राचार्यांची तुलना मेंढपाळाशी केली. घरी वडिलांना लेख वाचून दाखवला. ते फार दुःखावले. मी वडिलांची जाहीर माफी मागते."

सरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, 'दुःखावले'मधला विसर्ग खोडला आणि निघून गेले.