छातीचा जुना फोटो

नात्यात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी अमरावतीला कौशल्याताईंकडे येतो, मग डॉक्टरांकडे जातो. आपण डॉक्टर नाही, हे ताई सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि मग चष्मा लावतात.

यंदा मूर्तिजापूरकडच्या गावाहून धाकटे दीर वामनराव आले. मुलगा नितेश सोबत होता. वामनरावांचा खोकला हटेना म्हणून काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग निघाला होता. सोनोग्राफी नॉर्मल. सीटी स्कॅनमध्ये पुन्हा गाठ. सुई घालून तुकडा काढायचा की नाही, हे डॉक्टर दुसऱ्या दिवशी सांगणार होते. वामनरावांनी मात्र कॅन्सर ठरवूनच टाकला होता. पुढ्यातलं ताट तसंच परत जायचं.

"तीन मशिनी, तीन गोष्टी," नितेश वैतागून म्हणाला. "खरं कोनाचं मानावं, मोठ्याई?"

ताईंनी सगळे कागद दिवाणावर पसरले. "बजारात टरबूज कसं पाह्यतं तू?"

तो म्हणाला, वाजवून. मग ती सोनोग्राफी समज, ताई म्हणाल्या, आवाजावरून आतलं ओळखायचं. आणि तीही पोटाची केलेली. छातीचं ती काय सांगणार? एक्स-रे म्हणजे भिंतीवरची सावली, मागचं-पुढचं सगळं एकावर एक. सीटी म्हणजे चकत्या करून पाहणं. तिघी भांडत नव्हत्याच. जिला जिथून जेवढं दिसलं, तेवढं तिनं सांगितलं होतं.

सीटीच्या रिपोर्टची शेवटची ओळ ताईंनी पुन्हा वाचली. गाठीत चुना साठलेला आहे, जुन्या फिल्मशी ताडून पाहावं, असं त्यात लिहिलं होतं.

"भाऊजी, बैलबंडीवरून पडले होते तुमी, तवा छातीचा फोटो काढला होता. कुठी हाय तो?"

वामनराव ओशाळले. "तो नत्थुजीनं नेला. गिरन पाह्याले."

शेजारच्या नत्थुजींनी तो नेला, आणि अख्ख्या गल्लीनं त्यातून ग्रहणाचा सूर्य पाहिला होता. इतक्या जुन्या फोटोत आता काय ठेवलंय, असं नितेशला वाटलं. पण मोठ्याईचा शब्द मोडायची सोय नव्हती. तो तसाच गावी गेला आणि सकाळच्या एसटीनं फोटो घेऊन आला. एक कोपरा दुमडला होता, बाकी शाबूत.

डॉक्टरांनी जुनी-नवी फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावली. वामनराव जमिनीकडे पाहत होते, ताई डॉक्टरांच्या बोटाकडे. ते बोट जुन्या फिल्मवर येऊन थांबलं. तिथंही तोच ठिपका होता, तेवढाच. इतक्या वर्षांत वाढला नाही आणि वर चुना धरलाय, म्हणजे कधीतरी होऊन गेलेल्या आजाराचा वण, ते म्हणाले. सुई नको. खोकल्याचं औषध लिहून देतो. आणि ही फिल्म आणायचं कुणाला सुचलं?

"आमच्या वहिनीले," वामनराव म्हणाले. आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला.

दवाखान्याच्या समोर गाडीवर त्यांनी दही घातलेला गिला वडा मागवला, वरून आणखी एक प्लेट. खाता खाता गाडीवाल्याला फिल्म उन्हात धरून ठिपका दाखवला, आणि वहिनीही दाखवली. "हे पाय, इनंच शोधलं." एरवी कुणी असं चारचौघांत कौतुक केलं की ताई पुरे म्हणून थांबवतात. आज त्यांनी थांबवलं नाही.