जाता जाता हुरडा

पत्राची पहिली ओळ वाचूनच साजिदनं तेर गावभर दवंडी पिटली, की कॅनडाच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, ऑगस्टात निघतो. घरोघरी निरोपाची जेवणं झडली, चौकात शाल-नारळ मिळाला. मग दुसरी ओळ वाचली. प्रवेश जानेवारीचा होता! गावाला तोंड कसं दाखवायचं म्हणून गडी घरातच दडून बसला.

शेवटी शेजारच्या कडूबाई मावशी दारात आल्या. "काय रं कॅनडावाल्या, माझ्या पुरणपोळ्या पचवून इथंच व्हय?"

"मावशी, जागा पक्की हाय. जानेवारीत जातो."

"मग लई बेस झालं! पोळ्यांच्या बदल्यात ज्वारी राखायला ये."

साजिद हसत राखणीला गेला. डिसेंबरात पाखरांपेक्षा जास्त हुरडा त्यानंच खाल्ला आणि जानेवारीत खुशाल विमानात बसला. पोळ्यांची फेड अजून बाकीच आहे.