जळलेल्या मोटरींच्या भरवशावर

बारावी झाली तेव्हा माझ्यापुढं दोन वाटा होत्या. एक मांजरसुंब्याची. तिथल्या एका ढाब्यावर मामा आचारी होता आणि मालकाला गल्ल्यावर बसायला विश्वासातलं पोरगं हवं होतं. दुसरी बीडची, मोटर वाइंडिंगच्या तीन महिन्यांच्या कोर्सची. खरं तर मला दोन्ही नको होत्या. मला कारखान्यात चिकटायचं होतं, कारण आबा कारखान्यात होते. आबा म्हणजे माझे वडील; हंगामी कामगार, ऊस आत पडतो त्या गव्हाणीवर. पण सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, शिवारात उसाचं टिपरूही उरलं नाही आणि आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचा बॉयलर काही पेटला नाही. तरी आबा अधूनमधून सायकल काढून गेटपर्यंत जाऊन यायचे.

"काहून जाता उन्हातान्हाचं?" आई विचारायची.

"बघून येतो," एवढंच ते म्हणायचे. बघण्यासारखं तिथं काहीही नव्हतं.

कोर्सचं खूळ आबांच्या डोक्यात शिरलं ते कडा गावच्या आठवडी बाजारात. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीतली पाणबुडी मोटर जळाली होती. त्यात नवल नव्हतं. विहिरीत झिरपून झिरपून गुडघाभर पाणी साठायचं आणि वीज कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून सगळेजण मोटर ऑटोवर टाकून झोपायचे. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हायची, होतं तेवढं पाणी उपसायची आणि मग कोरडीच फिरत राहायची. सकाळी मालक विहिरीवर जाईस्तोवर तिचा कारभार आटोपलेला असायचा.

गावोगावी हेच चाललं होतं. कड्यातल्या वाइंडिंगच्या दुकानापुढं जळक्या मोटरींचा ढीग पार रस्त्यावर आलेला. आम्ही आमची मोटर नेली तर मिस्तरीनं मान वर न करताच सांगितलं, "ठिवून जा. पुढल्या बाजारी बघू."

आबा हरखले. मोटर जळाल्याचं दुःख बाजूला ठेवून ते समोरच्या हॉटेलात चहा घेत बसले. मोटरी येतच होत्या. कुणी टेम्पोतून आणत होतं, कुणी मोटारसायकलवर आडवी बांधून.

"सगळे धंदे बसले," आबा म्हणाले, "ह्याचा बघ कसा उठलाय."

आणि आमची मोटर तिथं न ठेवता ते परत घरी घेऊन आले. म्हणाले, "वाइंडिंग शिकून ही तूच भरायची."

आमच्याकडं पोराचं लग्न आणि पोराची नोकरी संचालकाला विचारल्याशिवाय ठरत नाही. आमच्या गावचे एकजण कारखान्याचे संचालक होते. सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. त्यांत आम्ही दोघं जाऊन बसलो.

"कोर्स करून घे," संचालक म्हणाले. "कारखाना चालू झाला की इलेक्ट्रिकलला घेऊ. आता कागद लागतो."

"कधी चालू व्हणार?" मी विचारलं. आबांनी मला कोपर मारलं.

"पाऊस पडला की."

ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

आईचं मन ढाब्याकडं होतं. "तिथं दोन टाइम पोटाला तर मिळंल," ती म्हणाली.

"बारावी शिकवून खरकटी काढायला धाडू का त्याला?" आबा म्हणाले.

"खरकटी न्हाईत, गल्ला हाय."

शेवटी ठरवणं माझ्यावर आलं आणि मी आबांच्या बाजूनं बोललो. तो ढीग मीही बघितला होता. मला आशा वाटली होती, आणि तिचा मला आजही राग येतो.

कोर्सला प्रत्येकानं सरावासाठी एक जळकी मोटर आणायची होती. मी आमचीच नेली. एसटीत कंडक्टर ओरडला, "ह्ये लोखंड कुणाचं?" पण चढू दिलं. वर्गात गेलो तर सगळी पोरं दुष्काळातली. शेजारी बसणारा गेवराईकडचा. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं की त्यांच्या गावातल्या दुकानापुढं मोटरी ठेवायला जागा उरलेली नाही. प्रत्येकजण आपापल्या गावचा ढीग बघून आला होता. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. उलट धीर आला.

वाइंडिंग मला जमलं, हे मात्र सांगितलं पाहिजे. जळकी तार उचकटून काढायची, खाचा साफ करायच्या, नवे वेढे घालायचे. सरांनी माझी मोटर पाण्यात चालवून दाखवली तेव्हा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी दुरुस्त केलं होतं.

कोर्स संपवून, मोटर घेऊन परतताना कड्यात उतरलो आणि काम मागायला थेट दुकानात गेलो. ढीग गायब. मिस्तरी समोरच्या हॉटेलात बसला होता.

"मोटरी कुठं गेल्या?"

"भरून नेल्या. आता कोण आणतंय? हिरीच आटल्या. खाली सोडूनशान करायचं काय? बस, चहा घे."

मोटर जळायलाही विहिरीत थोडं पाणी लागतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही ज्याला धंदा समजलो ते आमच्या विहिरींचं शेवटचं पाणी होतं.

ढाब्याच्या गल्ल्यावर मालकानं दुसऱ्याला बसवलं होतं. संचालकांनी माझं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत देत म्हणाले, "जपून ठेव."

घरी आल्यावर आबांनी एकच धरून ठेवलं: मोटर विहिरीत सोडू.

"आबा, पाणी न्हाई. जळंल ती."

"म्हाईत हाय मला."

दोघांनी दोर लावून मोटर खाली सोडली. तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. आबांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि रिकाम्या विहिरीतून आवाज वर आला. उपसायला काही नसल्यामुळं मोटर हलकी, झरझर फिरत होती. आबा काठावर उकिडवे बसून ऐकू लागले.

मी बंद करायला हात पुढं केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. लई झ्याक चालती."

"आबा, तुमी सोडा. जळंल."

त्यांनी सोडलं नाही. आवाज जड झाला, घरघरला, मग जळक्या तारेचा वास वर आला आणि मोटर बसली. तेव्हा त्यांनी माझा हात सोडला आणि लाल बटण दाबलं.

"तुझ्या कामात खोट न्हाई," ते म्हणाले.

मी विहिरीकडं पाठ करून रडलो. दुसऱ्या दिवसापासून आबांनी कारखान्याच्या गेटपर्यंत जाणं बंद केलं.