ओरडणं थांबलं तेव्हा

बेल्ह्याच्या बाजारात मी त्या माणसाशी बोलले, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. त्याच्यामुळे माझा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता.

मी सरकारी दवाखान्यात अपघात विभागात सिस्टर आहे. त्या दुपारी तो धाकट्या भावाला घेऊन आला. टेम्पोतून उतरवताना बैलानं भावाच्या मांडीत शिंग खुपसलं होतं. आम्ही पेशंटला आत घेऊन दार लावलं. हा बाहेर बाकावर गप्प बसला. आरडाओरडा करणाऱ्यांवर आमची नजर असते. याच्याकडे मी पुन्हा पाहिलंही नाही. जखम धुताना भाऊ जिवाच्या आकांतानं ओरडत होता, तेव्हाही हा जागचा हलला नव्हता, असं बाहेरच्या शिपायानं नंतर सांगितलं. मग अचानक दार धाडकन उघडलं. त्यानं सलाईनचा स्टँड उचलून डॉक्टरांवर फिरवला. मी हात मध्ये घातला आणि मनगट मोडलं.

भाऊ वाचला. पोलिसांत तक्रार झाली, याला अटक झाली, जामीनही मिळाला. सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, "प्यायला असेल." पण मी जवळून पाहिला होता. दारूचा वास नव्हता. मग इतका वेळ गप्प बसलेला माणूस नेमका तेव्हाच का उठला? प्लास्टर निघालं तरी हा प्रश्न काही जाईना.

पुढं नवऱ्याला गाय बघायची होती, म्हणून बाजारात गेलो. तिथं तो दिसला. मला ओळखून उभाच राहिला.

"सिस्टर, हात कसाय?"

"दुखतो. एक विचारू? त्या दिवशी एकदम काय झालं तुम्हाला?"

"भाऊ वरडत व्हता ना, तवर बरं वाटत व्हतं. जित्ता हाय म्हणून. मंग आवाज एकदम थांबला. मला वाटलं, गेला."

"अहो, तेव्हाच डॉक्टरांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं होतं!"

"आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

"नाही सांगितलं, आमचं चुकलं. पण तेवढ्यासाठी हात उगारायचा? तक्रार मी मागं घेणार नाही."

"नका घेऊ," तो म्हणाला. "माझं लई चुकलं."

नवरा मला हाका मारत होता. मी निघाले.

आता तसं इंजेक्शन दिलं की मी दार उघडून बाहेर सांगते, "औषध दिलंय, म्हणून शांत झालाय." डॉक्टर सुरुवातीला वैतागले. परवा मात्र खोडदच्या एका बाईंना त्यांनी स्वतः आत बोलावून नवऱ्याची श्वासागणिक वर-खाली होणारी छाती दाखवली. बाई पदराला डोळे पुसत बाहेर गेल्या आणि बाकावर बसल्या.

केस अजून चालू आहे. माझी साक्ष व्हायची आहे.