एका पिसाचा एक दाणा

"कार्टून आहे, म्हणजे पोरांचंच असणार," असं म्हणून मी तो सिनेमा मोबाइलवर लावून दिला. गुबगुबीत पिवळी पाखरं, मधूनमधून गाणं. गारखेड्यातल्या आमच्या घरात चार वर्षांची माझी लेक मोबाइल बघितल्याशिवाय घासच घेत नसे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचंच होतं. भरवून झाल्यावर तिला तशीच पाखरांपुढं बसवून मी कामाला लागले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंड उघडणं सोडलं. वरणभात नको, खिचडी नको, बिस्किटसुद्धा नको. घास पुढे केला की दोन्ही हातांनी माझा हात मागे ढकलायची. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट पाहिलं, टॉनिक लिहून दिलं. आजी मागं लागून चार घोट दूध पाजायची, तेवढ्यावर पोर तगून होती. माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

ही आजी म्हणजे माझ्या सासूबाई, सिल्लोडच्या. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली, तरी फरक नाही. मग म्हणाल्या, "वेरूळच्या महादेवाला बोल. लेकरू जेवत नाय तवर तू बी अन्नाला शिवू नको. आईचा उपास देवाला लौकर पोचतो."

एरवी मी वाद घातला असता. तेव्हा अंगात वादाचं बळच नव्हतं. नवस बोलले आणि जेवण सोडलं.

तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी मला घेरी आली. पोरीनं ते पाहिलं आणि असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. "मी नाही खाल्लं! आई, मी काहीच नाही खाल्लं!" एवढंच ती म्हणत राहिली.

तिचं खाणं त्या सिनेमानंतरच सुटलं होतं, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं आणि मी तो शेवटपर्यंत पाहिला. दुष्काळ पडतो. पाखरांची आई रोज अंगावरचं एक पीस उपटते, त्याचा दाणा होतो, तो ती पिल्लांना भरवते. पिल्लं गुबगुबीत होत जातात. शेवटी घरटं भरलेलं, आणि आई नाही. वर तेच गाणं! ज्यानं हे पोरांसाठी म्हणून काढलं त्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या, उरलेल्या स्वतःला.

म्हणजे लेक इतके दिवस मला वाचवत होती. आणि मी उपाशी राहून तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालले होते.

मी ताट वाढून घेतलं. सासूबाई ओरडल्या, "अगं, नवस हाय!"

"महादेवाचं मी बघते," म्हणाले आणि लेकीसमोर मांडी घालून भाकरी खाल्ली. रडत, ठसकत, पण सगळी खाल्ली. ती एकटक बघत होती. मग मी घास पुढे केला. तिनं माझा हात धरला, पाचही बोटं एकेक करून चाचपली आणि मग तोंड उघडलं.

आता ती पहिलीत आहे. माझ्या हातचा घास घेताना अजूनही आधी बोटं चाचपते. मी हात पुढे धरून थांबते.