देवाच्या बकऱ्या

गोदाआत्या गेल्याचं मला कर्जतच्या स्टेशनात कळलं. कडावचा एक ओळखीचा गडी म्हणाला, "तुमची आत्या परवाच गेली की! घरच्यांनी कळवलं नाय?" नाही कळवलं. आत्यापेक्षा तिच्या बकऱ्यांची काळजी मोठी होती ना!

आत्या माझ्या वडिलांची बहीण. विधवा होऊन कडावला माहेरी आली ती चार शेरडं घेऊनच. थोरल्या काकांच्या आमराईत, झाडांखाली तिनं कळप वाढवला. गवत बकऱ्यांच्या पोटात, लेंड्या झाडांच्या बुडाशी, आणि बोकड माथेरानच्या खाटकाला. आंबा नुसता लगडायचा. काका छाती फुगवून सांगायचे, "आमची आमराई!" बकऱ्या तेवढ्या आत्याच्या... त्याही खाटकानं अख्खा कळप मागेपर्यंत. हंगामात माथेरानला हवा खायला आलेल्या गोऱ्या सायबांना रोज मटण लागायचं. काकांनी तिला न विचारता सौदा ठरवून टाकला.

आमच्याकडे बकरं देवाला सोडलं की त्याच्या कानाचं टोक कापतात. मग ते कुणी विकत नाही. आत्यानं एका सकाळी कोयता घेतला आणि सगळ्या कळपाचे कान कापले! "आता इक रं दादा, हिंमत असंल तर!" काकांचं तोंड बघून मी पोट धरधरून हसलो होतो.

पण विकायची चोरी तिलाही झाली. दम्यानं अंथरूण धरलं तेव्हा ती म्हणाली, "येक बोकड इकते नि पनवेलच्या वैद्याकडं जाते."

काका मधाळ आवाजात म्हणाले, "देवाचं हाय गं ते. पाप कोन घेनार?"

"मग कौल लाव की. देवाला इचार."

"बघू, सवडीनं."

आत्या खोकत खोकत गेली. सुतक फिटलं आणि काकांना सवड मिळाली. मूर्तीला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देवाचा होकार. उजवंच पडलं. दुपारी कळप माथेरानच्या वाटेला लागलासुद्धा.

मला राहवलं नाही. "काका, हाच कौल आधी लावला असता तर?"

"देवाची मर्जी रं," ते म्हणाले. निलाजरेपणाची हद्द झाली!

आता आमराई रिकामी आहे. परवा सकाळी काका पडवीतून ओरडले, "गोदे, खालच्या झाडांना लेंड्या टाकल्यास का गं?" ओ आली नाही, तसे चिडले. बहीण मेलीय हे ध्यानात यायला त्यांना दुसरी हाक मारावी लागली.